राणीची चार वाक्यं

शमीम, तू गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशीची, शुक्रवारची, एक रजा सोडली तर मी रोज शाळेत जाते आहे. हजेरी घेते, आठवीला समास शिकवते, मधल्या सुट्टीत डबा खाते. डब्यात काय होतं ते संध्याकाळी आठवत नाही. कोणी विचारतं, "बाई, रोह्याच्या तुमच्या मैत्रीण गेल्या म्हणे," आणि मी हो म्हणते. आज एसटी उशिरा आली का, असं विचारल्यावर म्हणावं तसं. रडू आलेलं नाही. येईल, असं सगळे सांगतात. मी त्याची वाट बघत बसलेली नाही.

तुझा जन्म कधीचा, नोकरी किती वर्षं, मागे कोण कोण, हे सगळं मशिदीच्या फळ्यावर आणि शिक्षकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लिहून झालं. ग्रुपवर तुझा तो ओळखपत्रावरचा फोटो टाकला होता, जो तू कोणाला दाखवत नसायचीस. खाली हात जोडलेल्यांची रांग. मीही जोडले. मग मला वाटलं, मी तुला हात कधी जोडले नव्हते. तुझ्याशी मी तीस वर्षं भांडले. बी.एड.च्या पहिल्या आठवड्यात सुरू झालेलं भांडण गेल्या गुरुवारी दुपारी अर्धवट राहिलं.

दर सोमवारी आणि गुरुवारी दाऊदभाई तुला गाडीतून पेणला आणायचे. शाळा सुटली की मी थेट दवाखान्यात यायची. ते कुवेतहून कायमचे परतले तेव्हा तू म्हणाली होतीस, आता नवरा-बायको मिळून फिरायला जाऊ. फिरणं झालं ते रोहा ते पेण, आठवड्यातून दोनदा, वडखळच्या नाक्यावर अडकत. तुझ्या हाताला ते डायलिसिसचं मशीन लावलं की चार तास तू कुठे जाऊ शकत नसायचीस, आणि तेच माझ्या पथ्यावर पडायचं, कारण एरवी वादात हरायला लागलीस की तू उठून चहा टाकायला जायचीस.

त्या गुरुवारी विषय होता स्वगताचा. पात्र मनातलं बोलतं ते कोणाकडे बघून बोलायचं? माझं म्हणणं, कुठेच नाही, नजर आत हवी. तू म्हणालीस, "आत कशाला? मनातलं मनातच ठेवायचं असतं तर घरी बसावं. तिकीट काढून लोक आलेत गो. त्यांच्या तोंडावर सांग." मी म्हटलं, ही बटबटीत पद्धत झाली. तू म्हणालीस, "बटबटीत तर बटबटीत. पण एक गोष्ट लक्षात घे," आणि थांबलीस. दाऊदभाई खाली चहाला गेले होते. मला वाटलं तू शब्द शोधते आहेस. मी थांबले. समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत तोंड उघडायचं नाही, हे मी तुझ्याच ओसरीवर शिकले होते. नर्स पलीकडून धावत आली तेव्हा मला कळलं की तू शब्द शोधत नव्हतीस.

ती कोणती गोष्ट लक्षात घ्यायची होती, ते मला आता कोण सांगणार?

तुझी ती ओसरी. रविवारी सकाळी नऊ ते बारा. कोणाकडून तू काही घेतलं नाहीस आणि कोणाला बाकही दिलं नाहीस. सतरंजीवर सात-आठ पोरं, त्यातली निम्मी धाटावच्या कारखान्यांत शिफ्टवर जाणाऱ्यांची. बाप रात्रपाळी करून आत झोपलेला म्हणून घरात आवाज करायची बंदी, आणि तुझ्याकडे आवाज करायला परवानगी, एवढ्यावरच काही पोरं पहिल्यांदा आली असतील. त्यांना तू काय शिकवायचीस, तर शंभर वर्षांपूर्वीची पाच अंकी नाटकं. राजे, प्रधान, दासी, ओळीच्या ओळी चालणारी वाक्यं. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा म्हटलं, शमीम, अगं यांना एखादी आजची एकांकिका दे, त्यांच्या तोंडची भाषा दे. हे "हे प्राणनाथ" कोणासाठी?

तू तेव्हा एका पोराला उभं केलंस. "ह्याचं ऐक," म्हणालीस. "कंपनीच्या गेटवर सायेब इचारतो, काय काम हाय? तर हा काय म्हणतो? म्हणतो, 'सर, ते...' नि गप. बँकेत जातो, 'मॅडम, ते...' नि गप. लहान वाक्य कोण पण बोलतो नंदा. मोठं वाक्य सुरू करून शेवटापर्यंत न्यायला छाती लागते. ती ह्यांना ह्या जुन्या नाटकातनं मिळते. एका दमात चार ओळी बोललेलं पोरगं कोणासमोर दबत नाय." मला ते पटलं नाही. म्हणजे पटलं, पण तुला सांगितलं नाही. पेणला येऊन मी नववीच्या वर्गात तोच प्रयोग गुपचूप करून बघितला.

आणि तुझी ती वही. नाटक बसवताना सगळे पोराला त्याची वाक्यं लिहून देतात. तू उलटं करायचीस. तुझ्या वहीत ज्याचं त्याचं वाक्य नसायचंच. समोरच्याचं वाक्य लिहिलेलं, आणि स्वतःच्या वाक्याच्या जागी कोरी ओळ. पोरानं समोरच्याचं पाठ करायचं. स्वतःचं तू तोंडी सांगायचीस, दोनदा, तिसऱ्यांदा नाही. "समोरचा काय बोलतो ते नीट ऐकलं ना, तर तुझं आपोआप येतं. नि नाय आलं तर समज तू ऐकलं नायस." समोरच्याची वही, असंच नाव पडलं होतं तिला. मी हसले होते. पण तुझी पोरं रंगमंचावर उभी राहिली की एक फरक दिसायचा, तो मला नाकारता आला नाही. माझी पोरं आपली पाळी कधी येते याकडे डोळे लावून असायची. तुझी पोरं ऐकायची. कोणी बोलत असलं की त्यांचे चेहरे बदलायचे.

मला तू शिंपीण म्हणायचीस. आले की, "आली पेणची शिंपीण, पुस्तकं लपवा रे." कारण मी कापायची. पाच अंकांचं नाटक चाळीस मिनिटांत बसवायचं तर कापावं लागतं, त्याला इलाज नाही. स्नेहसंमेलनात दोन नाच, बक्षीस समारंभ, पाहुण्यांचं भाषण, आणि त्यातून उरलं तर नाटक. तू म्हणायचीस, मग बक्षीस समारंभ काप. तुझी ही वाक्यं ऐकायला मजा यायची, कारण मुख्याध्यापकांच्या समोर ती मला बोलायची असायची.

आता मी त्या डिसेंबरकडे येते. इतका वेळ मी इकडचं तिकडचं सांगत होते, ते तुला कळलं असेलच.

पेणची आणि रोह्याची पोरं मिळून नाटक करू, ही कल्पना माझीच. राजाराणीचं ते नाटक. राणी माझ्या वर्गातली, दासी तुझी प्राची. निडीहून दर रविवारी पॅसेंजर पकडून येणारी, नववीतली, दोन वेण्या, बोलताना जमिनीकडे बघणारी. पहिले दोन महिने तिचा आवाज सतरंजीच्या पलीकडे जात नव्हता. तिला तू त्या म्हाताऱ्या दासीचं काम दिलंस तेव्हा मी तुला बाजूला घेऊन म्हटलं, ही नको. तू म्हणालीस, "हीच." तिसऱ्या अंकात दासी राजवाडा सोडून निघते. राणी तिला चार वाक्यांत अडवते. चौथं वाक्य म्हणजे प्रश्न आहे, इतकी वर्षं या घरात राहून जाताना मागे वळून पाहावंसंही वाटलं नाही का तुला? त्यावर दासी पानभर बोलते. तुझ्या मते सगळं नाटक त्या एका पानासाठी लिहिलं होतं. सहा महिने प्राची ते पान बोलत होती. नोव्हेंबरात एका रविवारी मी आले होते, तेव्हा तिनं ते ओसरीवर बोलून दाखवलं आणि आतून दाऊदभाई दाराशी येऊन उभे राहिले. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. प्राची खाली बसली आणि वहीच्या कोपऱ्याशी खेळत राहिली.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी मुख्याध्यापकांनी सांगितलं, पाहुण्यांना लवकर निघायचं आहे, नाटक आणखी पाच मिनिटं कमी करा. मी पुस्तक घेऊन कोपऱ्यात बसले. पेन्सिलनं रेघा मारल्या. राणीच्या पोरीला बोलावलं आणि म्हटलं, ही चार वाक्यं सोड, सरळ सिंहासनावर जाऊन बस, दासी आपली बोलेल. दासीचं पान मी कापलं नाही, शमीम. तेवढी माणुसकी ठेवली, असं मला तेव्हा वाटलं होतं. तुमचा टेम्पो वडखळला अडकला होता. आल्यावर प्राचीला सांगायचं हे माझ्या डोक्यात होतं. तुम्ही आलात तेव्हा मी प्रधानाला दाढी चिकटवत होते. गोंद चिकटत नव्हता. मग कोणाचा तरी शेला सापडेना. मग घंटा झाली.

माझ्या पोरांसारखी पोर असती तर काही झालं नसतं. आपली वाक्यं पाठ, समोर कोणी बोलो न बोलो, ती म्हणून मोकळी होतात. पण प्राचीच्या वहीत प्राचीचं वाक्य नव्हतंच. तिच्या वहीत राणीची चार वाक्यं होती. ती बोचकं घेऊन आली, मधोमध थांबली, आणि राणीकडे बघत राहिली. राणी सिंहासनावर बसली होती. प्राची थांबली. ती विसरलेली नव्हती, ती ऐकत होती. तू मागच्या खोलीत प्रधानाची सुटलेली दाढी पुन्हा चिकटवत होतीस. मी विंगेत होते, पुस्तक माझ्या हातात होतं, आणि मला एका क्षणात सगळं कळलं. राणीचं ते शेवटचं वाक्य मी विंगेतून हळूच म्हटलं असतं तरी भागलं असतं. मी ते म्हटलं नाही. का नाही म्हटलं याचं कारण मी गेले वर्षभर शोधते आहे. मागून कोणीतरी ओरडलं, "अगं बोल की!" शिट्टी वाजली. हसू पसरत पुढच्या रांगांपर्यंत आलं. कोणीतरी पडदा ओढला.

स्टाफरूममध्ये मुख्याध्यापक म्हणाले, "काय झालं हे? कोण चुकलं?" ते माझ्याकडे बघून विचारत होते. मी किटलीतून कपांत चहा ओतत होते. सहा कप होते. तू दारात उभी होतीस, साडीला प्रधानाच्या दाढीचा गोंद लागलेला. तू म्हणालीस, "चूक माझी सर. पोरीला मी नीट तयार केली नव्हती." ते म्हणाले, "तरी मी बाईंना म्हटलं होतं, घरगुती क्लासची पोरं कशाला." मी चहा ओतला. तुलाही दिला. तू घेतलास.

परत जाताना टेम्पोत चढण्याआधी तू माझ्या हातावर हात ठेवलास आणि म्हणालीस, "जेवून घे, सकाळपासून उपाशी हायस." तुला माहीत आहे की नाही, हे मी त्या हातावरून ओळखायचा प्रयत्न केला. मला काही ओळखता आलं नाही. पुस्तक तू कधी मागितलं नाहीस. पेन्सिलच्या रेघा त्या दिवशी संध्याकाळी मी खोडून टाकल्या, हे आता सांगून टाकते.

त्यानंतर प्राची आली नाही. मी विचारलं की तू म्हणायचीस, "येईल ती." रविवारी पॅसेंजरची वेळ झाली की तू दाराकडे बघतेस, असं एकदा दाऊदभाई बोलले. तू लगेच त्यांना काहीतरी आणायला दुकानात पाठवलंस. उन्हाळ्यात तुझे पाय सुजायला लागले. पावसाळ्यात मशीन सुरू झालं. आठवड्याचे आठ तास, सात महिने, मी तुझ्या पलंगाशेजारच्या स्टुलावर बसले. तू सांगायचीस, मी लिहायची, नव्या पोरांसाठी समोरच्याच्या वह्या. माझ्या अक्षराला तू नावं ठेवायचीस. आपण कात्रीवर भांडलो, पडद्यावर भांडलो, राजानं तलवार कोणत्या हातात धरावी यावर भांडलो. दर वेळी शाळेतून येताना मी ठरवायची, आज सांगायचं. तू दमलेली दिसायचीस, म्हणून नको. किंवा तू खुशीत असायचीस, म्हणून नको. एवढा वेळ कोणाला मिळतो? लोक म्हणतात, अचानक गेली, बोलायचं राहून गेलं. माझ्याकडे हा बहाणाही नाही.

शुक्रवारी सकाळी तुला नेलं. बायका आतल्या खोलीत बसल्या होत्या. तुझ्या नणंदेनं मला जवळ बसवून घेतलं आणि म्हणाली, "तुमी तिच्याजवल व्हत्या, लई बरं झालं." सगळ्या माझ्याकडे चांगल्या नजरेनं बघत होत्या. पुरुष जनाजा उचलून निघाले तसा आत रडण्याचा आवाज झाला. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते. त्यावर तू सोमवार आणि गुरुवारभोवती गोल केले होतेस, पुढच्या महिन्याचेही.

रविवारी मी परत आले. पोरं येतील हे मला ठाऊक होतं, आणि ती आली. चपला काढून सतरंजीवर बसली. दाऊदभाईंनी कपाटातून वह्यांचा गठ्ठा आणून माझ्यापुढे ठेवला. म्हणाले, "बाई, माझ्याच्यानं हे होणार नाय. मला नाटकातलं काय कळतं? पण ओसरी आहे, सतरंजी आहे. तुम्ही येत जाल का रविवारी?" पोरं माझ्याकडे बघत होती, तुझी पोरं, ऐकणारी. मी म्हटलं, बघते. गठ्ठा चाळायला लागले. नाव घालून ठेवलेल्या वह्या, सोडून गेलेल्या पोरांच्यासुद्धा. तळाशी प्राचीची. तिसरा अंक. तुझ्या अक्षरात राणीची चार वाक्यं, आणि खाली कोरी जागा.

मी पोरांना सांगितलं, पुढच्या रविवारी या. दाऊदभाईंना म्हटलं, आधी मला एक काम उरकायचं आहे. तुझ्या जागी बसायचं तर ते काम केल्याशिवाय बसता येणार नव्हतं. मला वाटलं होतं, हे काम म्हणजे त्या पोरीला सांगणं की तू विसरली नव्हतीस. चौदा महिने ती तसं समजत असेल. दहावीचं वर्ष, आणि मनात ते हसू घेऊन बसलेली. मी सांगेन, ती रडेल, रागावेल, मग केव्हातरी परत येईल. असं मी ठरवूनच निघाले होते, शमीम. माझी मी पुन्हा एकदा सगळ्यांची वाक्यं कापून ठेवली होती.

काल मी निडीला गेले. स्टेशनपासून विचारत विचारत. प्राचीचे वडील पहिल्या शिफ्टला गेले होते. आई अंगणात वाल निवडत होती. तिनं मला ओळखलं, सूप बाजूला ठेवलं. "या बाई. प्राचे, पेणच्या बाई आल्यान गो." मग माझ्याकडे वळून हळू आवाजात, "शमीमबाईंचं कललं आमाला. लई वाईट झालं. आमी इला सांगत व्हतो, जाऊन ये, जाऊन ये." ती च्या टाकते म्हणून आत गेली.

प्राची उंच झाली आहे. वेण्या कापल्या आहेत. ती खाटेच्या कडेवर बसली, आणि माझ्याकडे सरळ बघत होती, जमिनीकडे नाही. मी पाणी प्यायले आणि सांगून टाकलं. त्या दिवशी तू विसरली नव्हतीस. राणीची वाक्यं काढली होती आणि तुला कोणी सांगितलं नव्हतं.

"म्हायती हाय," ती म्हणाली.

मला वाटलं तिनं नीट ऐकलं नाही. मी पुन्हा सांगायला लागले.

"म्हायती हाय बाई. शमीमबाई आल्या व्हत्या ना दुसऱ्याच दिवशी. हितंच बसल्या व्हत्या. म्हणल्या, तुझं काय चुकलं नाय. राणीची वाक्यं मीच काढायला सांगितली आयत्या टायमाला, नि तुला सांगायची ऱ्हायली."

आत स्टोव्ह पेटल्याचा आवाज आला. ती पुढे बोलली. एका दमात, न अडखळता, तू शिकवलं होतंस तसं.

"मला एवढा राग आला बाई. सहा महिने त्यांनी मला त्या एका पानासाठी उभी केली, कुणाचं एक अक्षर कापू देत नव्हत्या, नि माझ्याच वेळेला स्वतः कापलं, नि सांगायला पण विसरल्या, नि अख्खी शाळा मला हसली. त्या परत दोनदा आल्या, मी मागच्या दारानं वावरात निघून गेले. त्या आजारी हायत ते पण कळलं व्हतं. आई रोज म्हणायची, जा. मी म्हणायची, त्यांनी माझी आठवण ठेवली काय?"

मग तिच्या काहीतरी लक्षात आलं. समोरच्याचा चेहरा वाचायला तूच शिकवलंस तिला. तिनं विचारलं, "त्यांनी नव्हती काढली?"

"नाही," मी म्हटलं. "मी काढली. त्यांना माहीतसुद्धा नव्हतं आधी."

तिची आई चहा ठेवून गेली, तिच्यासमोर आम्ही दोघींनी कप उचलले, ती गेल्यावर परत ठेवले.

म्हणजे तुला सगळं ठाऊक होतं. स्टाफरूममध्ये नसेल, पण त्याच दिवशी परतताना टेम्पोत तुझ्या पोरांनी सांगितलं असेल, की राणी बोललीच नाही. तुला दोन आणि दोन चार करायला किती वेळ लागला असणार? दुसऱ्या दिवशी तू निडीला आलीस, आणि पोरीच्या मनातून तिची चूक काढून घेतलीस, आणि माझं नाव न घेता ती स्वतःच्या अंगावर घेतलीस. मग सात महिने माझ्याशी तलवारीवर भांडत बसलीस. मी तुझ्यावर चिडले आहे, शमीम. हे लिहिताना मला पहिल्यांदा काहीतरी वाटतं आहे, आणि तो राग आहे. माझ्यासाठी खोटं बोलायचा तुला काय अधिकार होता? एकदा तोंडावर म्हणायचं होतंस, नंदा, तू कापलंस. मी रडले असते, पाया पडले असते, निडीला धावत गेले असते. तुझी पोर तुला परत मिळाली असती. ती तुझ्या पलंगाशी येऊन बसली असती. तू मला सांभाळलंस आणि तिला गमावलंस, आणि मला वाटायचं आपण वाद घालतो आहोत.

मी प्राचीला म्हटलं, "तू गेली नाहीस यात तुझी काही चूक नाही."

"ते तुमी नका सांगू," ती म्हणाली.

आवाज चढवला नाही तिनं. मी उठले. रविवारच्या वर्गाचं मी बोलले नाही, तिनंही विचारलं नाही. दारापर्यंत ती माझ्यामागून आली आणि उंबऱ्याशी थांबली.

"बाई," तिनं विचारलं, "शेवटी त्यांच्याजवळ कोण व्हतं?"

मी होते, शमीम. तेही मला तिला सांगावं लागलं.